दहातोंडे सरांचे दोन डबे

दहातोंडे सर बारशाला आले की पाळण्यापेक्षा पाहुण्यांकडे जास्त बघायचे. बाळाचं नाव नुकतंच ठेवून झालेलं असायचं, बायका घुगऱ्या वाटत असायच्या, आणि 'नाक अगदी आजोबांचं', 'छे, रंग मामाकडचा' अशी बाळाची वाटणी सुरू झालेली असायची. सर कोपऱ्यात उभे राहून बाळाच्या आत्याची हनुवटी, चुलत्याचे कान, आजीच्या भुवया एकेक करून तपासायचे. शेवटी कुणीतरी विचारायचंच, "काय सर, कुणावर गेलंय?" सर तोंडातली घुगरी सावकाश संपवायचे आणि म्हणायचे, "थांबा थोडं. अजून सगळे दाणे उघडे पडलेले नाहीत."

यामुळे त्यांना बारशांची आमंत्रणं पुढेपुढे कमीच येत गेली.

माझ्या मुलीच्या बारशाला मात्र मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आमच्या घराण्यात कान मोठे आहेत. वडिलांचे होते, माझे आहेत. समोरून पाहिलं तर आम्ही दोन कान आणि मध्ये थोडासा माणूस असे दिसतो. हे पोरीत उतरू नये म्हणून माझी बायको नऊ महिने देवाला सांगत होती, आणि तेही माझ्यासमोर. सरांनी बाळाचं टोपडं बोटाने जरासं वर केलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. केस येतील."

घोडेगावात सर आणि मी एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवतो, ते जीवशास्त्र शिकवायचे. त्यांना निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. घरंही एकाच आळीत, मध्ये फक्त एक पिठाची गिरणी. माणूस उंच, सडपातळ, आणि बाराही महिने पांढरा शर्ट आणि करडी पँट. फळ्यावर खडूसुद्धा पांढराच. रंगीत खडूंची पेटी ऑफिसातून आली की ती तशीच माझ्याकडे सरकवायचे. "घ्या मराठीवाले. तुम्हाला लागतात. आमचं शास्त्र पांढऱ्यावर भागतं." मी ही साधी राहणी समजत होतो. सरांच्या बाबतीत मी अशा बऱ्याच गोष्टी समजत होतो.

आडनाव दहातोंडे, पण बोलायला तोंड एकच आणि तेही जपून. पोरं आडनावावरून हसली की म्हणायचे, "हसून घ्या. बापाकडून जशीच्या तशी येणारी ही एकच गोष्ट आहे. म्हणून तर ती इतकी बिनकामाची."

सरांचे दोन डबे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होते. चहापावडरचे रिकामे, पत्र्याचे डबे. एकावर चिकटपट्टी लावून 'आई' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बाप'. दोन्हींत मक्याचे आणि हरभऱ्याचे दाणे, निम्मे-निम्मे. अनुवंशाचा धडा आला की पहिल्या दिवशी पुस्तक बंद. एकेका पोराने पुढे यायचं, डोळे मिटायचे, आणि प्रत्येक डब्यातून एक-एक दाणा काढायचा. माझा वर्ग शेजारीच. तिकडे डबे वाजायला लागले की इकडे कवितेचा रसभंग व्हायचा, म्हणून मी एकदा तक्रार करायला गेलो आणि मागच्या बाकावर बसूनच राहिलो.

"आई-बापाकडं प्रत्येक लक्षणाचे दोन दाणे असतात," सर सांगत होते. "त्यातला एकच ते तुम्हाला देतात. कुठला द्यायचा हे त्यांच्या हातात नाही, अन् कुठला घ्यायचा हे तुमच्या हातात नाही. आता वाटाण्याचं रोप घ्या. मका म्हणजे उंच, हरभरा म्हणजे बुटकं. आणि मका दादा आहे. दोन्ही मके आले, रोप उंच. एक मका, एक हरभरा आला, तरी रोप उंचच. मग हरभरा गेला कुठं?"

"मेला!" मागून आवाज आला. हे उत्तर म्हणे दरवर्षी याच बाकावरून यायचं.

"गप्प बसलाय," सर म्हणाले. "गेलेला नाही. पुढच्या पिढीत त्याला दुसरा हरभरा भेटला की दोघं मिळून बोलतील. दोन हरभरे, रोप बुटकं."

साठ पोरांनी दाणे काढले. दोन्ही हरभरे हातात आलेली पोरं उभी राहिली. ती तेरा निघाली. पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, चारात एक म्हणजे पंधरा पाहिजेत. दोन कमी आहेत."

"डब्याला पाढे येत नाहीत रे," सर म्हणाले. "अजून साठ पोरं आण, जवळ जाईल. तुझ्या घरी तुम्ही भावंडं किती?"

"दोघं."

"मग त्यात हिशोब जुळवायला बसू नकोस."

तास संपल्यावर मी विचारलं, "सर, दाण्यांऐवजी रंगीत मणी का नाही घेत? लाल-हिरवे. लांबूनही छान दिसतील." सर जरासे थांबले आणि म्हणाले, "हाताला कळलं पाहिजे."

या तीन शब्दांनी मी इतका भारावलो, की शाळेच्या वार्षिक अंकात 'स्पर्शातून ज्ञानाकडे' नावाचा पाच पानी लेख लिहिला. डोळ्यांना फसवता येतं पण हाताला नाही, हे त्यात मी सात वेळा निरनिराळ्या शब्दांत सांगितलं होतं. सरांनी अंक उघडला, पानं उलटली आणि फक्त एवढंच विचारलं, "पाच पानं?"

अनुवंशाच्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी मुली वेळेआधी येऊन बसायच्या. त्या दिवशी बापाच्या डब्यात एकच मोठा दाणा असायचा आणि त्याच्या जोडीला मोहरीचा एक दाणा. "मुलगा का मुलगी, हे इथं ठरतं," सर म्हणायचे. "आईच्या डब्यात दोन्ही दाणे मोठे. तिनं काहीही दिलं तरी मोठाच देणार. बापानं मोठा दिला तर मुलगी, मोहरी दिली तर मुलगा." मग ती मोहरी तळहातावर घेऊन बाकांमधून फिरायचे. "नीट बघा. हा पुरुषाचा दाणा. एवढासाच असतो. वारा आला तर सापडणार नाही." मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या आणि पोरांच्या मिशा त्या दिवसापुरत्या खाली उतरायच्या. गावातल्या दोन-तीन सासवांना सरांनी हीच मोहरी घरी जाऊन दाखवली होती. सुनेला मुलीच होतात म्हणून बोल लावणाऱ्या या बायका पुढे वर्षभर फोडणी करताना सरांच्या नावाने पुटपुटत असत, असं ऐकून आहे.

मग बाजार. आमच्याकडचा जनावरांचा बाजार मोठा. सर वर्षातून एकदा बारावीच्या पोरांना तिथे न्यायचे. एका वर्षी मीही गेलो, शेणातून चपला वाचवत. एक व्यापारी एका वळूच्या पाठीवर थाप मारून सांगत होता, "ह्याच्या आईनं वीस लिटर दिलंय पाव्हनं. वीस!"

"आणि ह्याच्या बापाच्या आईनं?" सरांनी मागून विचारलं.

"बापाच्या आईचं काय काढलं सर? बाप दूध देतो व्हय?"

"देत नाही. पण दुधाचा दाणा देतो. त्याच्या आईकडून आलेला." आणि पोरांकडे वळून, "लिहून घ्या. बैल दूध देत नाही म्हणून त्याच्याकडं काही नाही, असं धरायचं नाही. जो दाखवत नाही, तोसुद्धा देतो."

गिऱ्हाईक विचारात पडलं आणि पुढे गेलं. व्यापारी डोक्यावरची टोपी काढून सरांकडे बघत राहिला. "सर, तुमी मास्तर हाय का दलाल, ते एकदा सांगा. सकाळधरनं ह्यो तिसरा घालवला."

सगळंच डब्यातून येतं, असं मात्र त्यांचं म्हणणं नव्हतं. माझी मुलगी नववीत गणितात नापास झाली तेव्हा मी त्यांना समजुतीच्या सुरात म्हणालो, "आमच्या घराण्यातच गणित नाही हो सर." ते म्हणाले, "घराण्यात कान आहेत. गणित शिकवावं लागतं. संध्याकाळी पाठवून द्या." पोरगी पुढे इंजिनियर झाली. तिचे कान केसांखाली आहेत.

एक तक्ताही असायचा. धड्याच्या शेवटी सर फळ्यावर एक वंशावळ काढायचे. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही, तो चौकोन भरीव. जी बाई स्वतः नीट बघते पण तो गप्प बसलेला दाणा बाळगून आहे, तिच्या गोलात एक ठिपका. वर ठिपक्याची आजी, खाली तिचा भरीव मुलगा, त्याच्या खाली ठिपक्याची मुलगी, आणि तिच्या खाली एक चौकोन, त्यात प्रश्नचिन्ह. मथळा दरवर्षी तोच: 'नेवासा तालुक्यातील एक घराणे'.

"कुणाचं घराणं सर?" पोरं विचारायची.

"नाव महत्त्वाचं नाही," सर म्हणायचे आणि फळा पुसायचे. इतर दिवशी फळा पुसायला मॉनिटर असायचा. त्या दिवशी ते स्वतः पुसायचे.

सरांच्या पत्नीला आम्ही सगळे माई म्हणायचो. त्या गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. त्यानंतर सर थोडे विस्कटले. एका पायात गडद तपकिरी मोजा, दुसऱ्यात गडद हिरवा, असे ते एका लग्नाला आले. मी बायकोला म्हटलं, "बघ, दोन डब्यांतून एकेक काढलेला दिसतोय." ती हसली नाही. भाजी बाजारात मी त्यांना टोमॅटो निवडताना पाहिलं. एकेक टोमॅटो अंगठ्याने दाबायचे, हुंगायचे, ठेवून द्यायचे. टोमॅटोवाली करवादायची, "आजोबा, माल दाबू नका, पिचतो त्यो!" पण ते दाबतच राहायचे. मी घरी येऊन सांगितलं, "माई गेल्यापासून सर फार चिकट झाले." माझी निरीक्षणशक्ती अशी होती.

सरांना एकच मुलगी, वैशाली. शेवगावच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. घर शेतीवाडीचं, माणसं तोंडाने फटकळ पण खाऊन-पिऊन बरी. तिचा मुलगा ओंकार तेवीस वर्षांचा. रेल्वेत इंजिन चालवायच्या नोकरीसाठी तो तीन वर्षं अभ्यास करत होता, आणि गेल्या वर्षी लेखी परीक्षेत पास झाला. सर पेढे घेऊन आले. आम्ही खाल्ले. त्यांच्या हातातला पेढा मात्र तोंडाकडे गेला नाही. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "शुगर आहे." माझ्या माहितीप्रमाणे त्यांना शुगर नव्हती.

पंधरा दिवसांनी ओंकार वैद्यकीय तपासणीत नापास झाला. ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा त्याला वाचता आला नाही. लाल आणि हिरवा त्याला वेगळा दिसत नव्हता, आणि सिग्नल ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात इंजिन कोण देणार?

चौथ्या दिवशी वैशालीचा फोन आला तेव्हा मी सरांच्या ओट्यावरच होतो. फोन स्पीकरवर होता, कारण सरांना तो दुसऱ्या तऱ्हेने घेता येत नसे. "आप्पा, आत्यांनी ते जुनं ग्रहण काढलंय," ती रडत सांगत होती. आत्या म्हणजे तिची सासू. ओंकार पोटात असताना ग्रहण लागलं होतं, आणि त्या वेळात वैशालीने मेथी निवडली होती. सासूने हे तेवीस वर्षं जपून ठेवलं होतं. आता ग्रहणाची शांती होईपर्यंत वैशालीने भाजीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मेथी सांगितली जात होती. ओंकार कुणाशी बोलत नव्हता, आणि वैशाली जेवत नव्हती. "तुम्ही सगळ्या तालुक्याला सांगता आप्पा. इथं येऊन सांगा ना. माझं काय चुकलं?"

सरांनी फोन ठेवला. "मराठीवाले, गाडी काढता का?"

वाटेत सर कापडी पिशवीत दोन डबे मांडीवर घेऊन बसले होते. प्रत्येक खड्ड्याला डबे वाजायचे.

ओट्यावर सगळे जमलेच होते. सरांचे व्याही आण्णा, त्यांच्या शेजारी सरांचे जावई टोपी हातात घेऊन, दाराशी विहीणबाई, आणि आतल्या उंबऱ्यावर वैशाली. ओंकार आतल्या खोलीत. चहा झाला. विहीणबाईंनी वेळ घालवला नाही.

"मी सांगितलं हुतं हिला, गिऱ्हान सुटंस्तोवर गप पडून ऱ्हा. हिनं मेथी निवडली. हिरव्यात हात घातला, अन् पोराच्या डोळ्यातलं हिरवं गेलं!"

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते जुळल्यासारखं वाटलं. मी मराठीचा मास्तर. अलंकार चांगला असला की मी विरघळतो.

सरांनी डबे काढले. आईच्या डब्यात एक मका, एक हरभरा. बापाच्या डब्यात एक मका, एक मोहरी. "मका म्हणजे नीट डोळे," ते म्हणाले. "हरभरा म्हणजे लाल-हिरवं न कळणारे. मुलाला बापाकडून मोहरीच येते, आणि मोहरीवर रंगाचं काही लिहिलेलं नसतं. म्हणून मुलाचे रंग आईनं दिलेल्या दाण्यावर. मका आला तर दिसतील, हरभरा आला तर नाही. ओंकारला हरभरा आला."

विहीणबाई पुढे वाकून बघत होत्या. "म्हंजी आलं आईकडनंच."

"हो, पण..."

"झालं तर मंग! मी येगळं काय म्हनत हुते?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत सरांचा धडा इतक्या झटपट कुणालाच कळला नव्हता. वैशाली उंबऱ्यावरून बापाकडे बघत होती. शास्त्र शिकलेला बाप तिच्या बाजूने बोलायला आला होता आणि सासूच्या हातात आणखी जाड काठी देऊन बसला होता.

आणि मग मी मदत केली. "सर," मी म्हणालो, "तो तक्ता सांगा ना यांना. नेवासा तालुक्यातलं ते घराणं. आईकडं दाणा कुठून येतो, ते त्यात आहे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. असं मी त्यांना बघताना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी वैशालीकडे पाहिलं. ओट्याच्या कडेला घरच्या वाफ्यातल्या टोमॅटोंची पाटी होती, निम्मे पिकलेले, निम्मे कच्चे.

"विहीणबाई, ती पाटी जरा इकडं द्या. यातले लाल तेवढे मी काढतो."

कुणाला काही कळेना. सर पाटीतून एकेक टोमॅटो उचलून सतरंजीवर ठेवू लागले. दाबत नव्हते, हुंगत नव्हते. नुसते बघून ठेवत होते. दहा झाल्यावर थांबले. दहातले सहा हिरवे होते.

"सर, चष्मा घरी ऱ्हायला का काय?" आण्णांनी विचारलं.

"चष्मा डोळ्यावर आहे आण्णा. हे जन्मापासून आहे." सरांचा आवाज वर्गातला नव्हता. "मला माझ्या आईकडून आलं. माझ्याकडं मोठा दाणा एकच, आणि तो हरभरा. मुलीला बाप मोठाच दाणा देतो, आणि माझ्याकडं दुसरा नव्हताच. वैशालीला तिच्या आईनं मका दिला, म्हणून तिला सगळं नीट दिसतं. पण माझा हरभरा तिच्यात गप्प बसलेला होता. तिनं मेथी निवडली असती काय अन् नसती काय, डब्यात हेच होतं. दाणा माझा आहे. बोलायचं तर मला बोला."

मला पांढरे शर्ट आठवले. मग पांढरा खडू, मोजे, आणि माझा लेख. पाचही पानं.

आण्णांनी तंबाखूची चिमूट तळहातावर तशीच धरली होती. "म्हंजी लगीन जमवताना तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"अन् सांगितलं न्हाई."

"नाही."

आण्णांनी तळहातावरची तंबाखू झटकून टाकली. मी चपला कुठे काढल्या आहेत ते नजरेने पाहून ठेवलं. मग त्यांनी जावयाच्या, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या, डोक्याकडे पाहिलं. "आमी तरी कुठं सांगितलं हुतं," ते म्हणाले, "की आमच्यात तिशीतच टक्कल पडतं म्हनून." जावयांनी हातातली टोपी डोक्यावर घातली.

"आजोबा."

ओंकार आतल्या दारात उभा होता. "माझं तुम्हाला कधी कळलं?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तू पाच वर्षांचा होतास. मळ्यात बोरं वेचत होतो आपण. तुला पिकलेलं बोर ओळखू येत नव्हतं. रडकुंडीला आलास. मग मी तुला दाबून बघायला शिकवलं."

"आणि मी रेल्वेचा फॉर्म भरला तेव्हा? तीन वर्षं मी घासत होतो तेव्हा?"

तक्त्यातल्या त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर सरांना अठरा वर्षं माहीत होतं. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी वर्गात ते तो चौकोन काढत होते आणि स्वतःच्या हाताने पुसत होते.

"वर्गात सांगता यायचं," सर म्हणाले. "घरात नाही आलं."

ओंकार आमच्यामधून चालत खाली उतरला. त्याने मोटारसायकल चालू केली आणि निघून गेला. त्याला कुणी हाक मारली नाही.

वैशाली उंबऱ्यावरून उठली आणि सतरंजीवरचे टोमॅटो पाटीत भरायला लागली. भरताना तिचे हात आपोआप लाल एकीकडे, हिरवे एकीकडे करत होते. "आईला माहीत होतं?" तिने खाली बघतच विचारलं.

"तीच तर मोजे जोडून ठेवायची," सर म्हणाले.

विहीणबाई आत गेल्या आणि विळी घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी वैशालीसमोर ठेवली. "घे, चीर. लाल तेवढं घे." मग सरांकडे वळून, हार पुरती मानलेली नाही हे कळावं म्हणून, म्हणाल्या, "शांती तर करायचीच. पर आता दोन्ही घरांची. तुमीबी बसा पाटावर."

"बसतो," सर म्हणाले. जन्मभर ज्या माणसाने ग्रहणात मुद्दाम चौकात उभं राहून भजी खाल्ली, तो म्हणाला, बसतो. त्या दुपारी वैशाली आमच्या पंगतीत जेवली. सरांनी तिच्या ताटाकडे दोनदा पाहिलं आणि मग स्वतःचा घास उचलला.

परत येताना मी म्हणालो, "सर, त्या माझ्या लेखाचं आता मला फारच..."

"पाच पानं," सर म्हणाले.

ओंकार गणपतीला आला नाही, दिवाळीला आला नाही. फोनही नव्हता. सर ओट्यावर बसायचे. मोटारसायकलचा आवाज आला की वर्तमानपत्र खाली करायचे, मग पुन्हा वर. मोजे आता माझी बायको जोडून देत होती, आणि त्यांनी ते तिला स्वतःहून सांगितलं होतं. वर्गात त्यांनी पस्तीस वर्षांत केलं नव्हतं ते आता ओट्यावर केलं. येईल त्याला 'नेवासा तालुक्यातील एक घराणे' नावासकट सांगायला लागले. ऐकणाऱ्याला हवं असो-नसो. पोस्टमन तर सायकलवरून न उतरताच पत्रं फेकायला लागला.

संक्रांतीनंतर एका बाजारच्या दिवशी मी भाजी घ्यायला गेलो होतो. सर आता वैशालीकडेच राहायला जाणार, हे मला ठाऊक होतं. त्यांना न्यायला कोण येणार, ते ठाऊक नव्हतं. टोमॅटोच्या ढिगापुढे ते उभे होते आणि त्यांच्या शेजारी ओंकार. दोघांमध्ये हातभर अंतर. दोघांनीही डावा हात पाठीमागे धरलेला, मान किंचित तिरकी, आणि उजव्या अंगठ्याने एकेक टोमॅटो दाबून बघत होते. मान तशी तिरकी धरणं कदाचित डब्यातून आलं असेल. दाबणं मात्र शिकवलेलं होतं.

"अवो, एकाचं दोन झालं का दाबायला?" टोमॅटोवाली कडाडली. "डोळं न्हाईत का तुमाला?"

सरांनी हातातला टोमॅटो खाली ठेवला. आणि अख्ख्या भाजी बाजाराला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बाई, आम्हा दोघांनाही लाल-हिरवं कळत नाही. हा माझा नातू. त्याला ते माझ्याकडून आलंय. तुम्हीच निवडून द्या."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. ओंकारने पिशवीचं तोंड उघडून तिच्यापुढे धरलं, आणि आजोबांच्या दंडाला धरून त्यांना गर्दीतून जरा बाजूला, स्वतःकडे ओढून घेतलं. ओंकार आजोळच्या माणसांसारखाच गोरा. त्याचे कान लालबुंद झालेले मला वांग्यांच्या ढिगापलीकडूनही दिसले. सर त्याच्याकडेच बघत होते, पण त्यांना ती लाली दिसणार नव्हती.